१४ एकर माळाला कुरण करायचंय, तुषारची किती नोझल लागतील?

बरडवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझा १४ एकर माळ आहे. वर वीतभर मुरमाड माती, खाली कच्चा खडक. पूर्वी कुणीतरी नांगरून टाकून दिलेला. आता कुठे कुसळी उगवते, कुठे काहीच नाही, वारं सुटलं की धुरळा. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटर, तोही लहरी. जनावरं म्हणजे २० गाई आणि तीसेक मेंढ्या, सगळ्या विकतच्या चाऱ्यावर. एक बोअर आहे, पाणी बऱ्यापैकी.

बेत असा आहे की सगळं रान खोल नांगरायचं, अंजन गवताचं बी फोकायचं आणि तुषार संच बसवून बारा महिने हिरवं ठेवायचं. तर नोझल किती लागतील, बी किती घ्यावं आणि जनावरं किती दिवसांनी सोडता येतील? जाणकारांनी सांगावं.

ढेकूळ
"बऱ्यापैकी" म्हणजे ताशी किती लिटर?

बरडवाला
मोजलं नाही. पाइपला चांगली धार आहे, मनगटाएवढी.

ढेकूळ
मनगट कुणाचं, तुमचं की नातवाचं? २०० लिटरचं पिंप ठेवा आणि घड्याळ लावून बघा किती मिनिटांत भरतं. तोवर नोझलचं बोलण्यात अर्थ नाही.

खिल्लारी_जोडी
पहिलं पाणी कुंपणाला घाला. गवत नंतर. शेजारच्या शेळ्यांना तुमचा धागा आधीच कळलेला आहे.

वखरपाळी
मी हे करून बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सहा एकरावर अंजन केलं होतं. पहिली चूक खोल नांगरट. भुसभुशीत रान दिसायला छान, पण अंजनाचं बी केसाळ आणि हलकं. मऊ मातीत ते खोल गाडलं जातं आणि वर येण्याआधीच त्याची शिदोरी संपते. पेरणी जेमतेम एक सेंटिमीटरची हवी. आता मी फक्त वखराने वरची पापडी फोडतो आणि बी टाकल्यावर मेंढ्या फिरवून घेतो, त्यांच्या खुरांनी ते बरोबर दाबलं जातं. रानात चालून बघा. टाच घोट्यापर्यंत रुतली तर रान फार मोकळं झालंय.

दुसरी चूक पाण्याची. संच होता, हौस होती. रोज संध्याकाळी वीस मिनिटं फवारा. तीन आठवड्यांत हिरवागार गालिचा. लोक फोटो काढायला यायचे. मग मोटर जळली आणि दुरुस्तीला पंधरा दिवस गेले. दहाव्या दिवशी गालिचा पिवळा, पंधराव्या दिवशी चिपाड. उपटून पाहिलं तर मुळं वरच्या दोन बोटांत पसरलेली. रोज घोटभर पाणी आयतं मिळत होतं, मग ती खाली कशाला जातील? तेवढ्याच पाण्यात शेजारच्या पट्ट्यात, जिथे पाइप पोचत नव्हता आणि मी आठवड्यातून एकदा टँकर सोडत होतो, तिथलं गवत तगलं.

उगवून येईपर्यंत वरचा थर ओला ठेवावा लागतो, हे खरं. पण रोपाला तीन-चार पानं आली की पाण्यातलं अंतर वाढवत न्यायचं आणि दिलं की मूळ जाईल तितकं खोल द्यायचं.

पाचुंदा
वखरपाळी, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

बियाबद्दल थोडी भर. अंजनाचं ताजं बी उगवत नाही, ते सुप्तावस्थेत असतं. सहा महिने ते वर्षभर जुनं बी चांगलं. आणि पोतं भरून जे "बी" मिळतं त्यातली बरीच बोंडं पोकळ निघतात. चिमूटभर तळहातावर चोळून दाणा सुटतो का बघा. मग शंभर मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. शंभरातली वीसच उगवली तर एकरी बियाणं त्या हिशोबाने वाढवा. एरवी एकरी दोन किलो पुरतं. केसाळपणामुळे ते हातातून नीट सुटत नाही, वाऱ्याने उडतं. ओलसर माती आणि चाळलेलं शेणखत मिसळून गोळ्या केल्या की फेकायला सोपं जातं आणि मुंग्याही कमी नेतात.

खिल्लारी_जोडी
मुंग्या कमी नेतात हे मुंग्यांना कुणी सांगितलंय का? आमच्याकडच्या गोळीसकट नेतात.

कोरडवाहू
थोडं वेगळं मत मांडतो. हे सगळं कशाला? दोन वर्षं माळ बंद ठेवा. एकही जनावर नको. जे गवत त्या मातीचं आहे ते आपसूक परत येईल. पवना, मारवेल, शेडा ही गवतं त्या जमिनीची जुनी भाडेकरू. आपण मध्येच अंजन आणून टाकतो आणि ते बाकीच्यांना हुसकावतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात बघा. तिथे हेच अंजन गुरांसाठी म्हणून आणलं आणि ते डोंगरांवर सुटलं. तिथल्या मोठ्या सग्वारो निवडुंगांना आगीची सवयच नाही, कारण पूर्वी मधली जमीन उघडी असायची, आग पुढे सरकायचीच नाही. आता वाळलेलं अंजन एका निवडुंगापासून दुसऱ्यापर्यंत वात पेटवल्यासारखं आग नेतं. स्वयंसेवक कुदळी घेऊन ते उपटत हिंडतात.

पाचुंदा
कोरडवाहू, अर्धं सहमत. पण ते तिथे परकं आहे. आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात ते मूळचंच. दुसरं म्हणजे, बंद ठेवून गवत परत यायला मातीत बी शिल्लक असावं लागतं. धागाकर्त्यांचं रान नांगरून टाकलेलं आहे. जिथे कुसळी आहे तिथे दुसरं काही येईलही, पण जिथे धुरळा उडतो तिथे दोन वर्षांनीही धुरळाच उडेल.

कोरडवाहू
म्हणून तर मारवेलचे ठोंब, म्हणजे मुळासकट फुटवे, लावा म्हणतो. बी नको, मुंग्या नकोत. पाऊस लागला की दीड-दीड फुटावर ठोंब खोचायचे.

ढेकूळ
दीड-पावणेदोन फूट म्हणजे अर्धा मीटर धरू. एकराला १६,००० ठोंब. १४ एकराला सव्वादोन लाख. कोण खोचणार, तुम्ही येताय का?

कोरडवाहू
सगळं एकदम करा असं मी कुठे म्हटलं? अर्धा एकर करा, तीच पुढच्या वर्षीची रोपवाटिका.

बरडवाला
पिंप लावलं. ५ मिनिटं लागली. म्हणजे ताशी २,४०० लिटर. वीज आठ तास असते. चांगलं आहे ना?

ढेकूळ
आता बसा खाली. रागावू नका.

एक मिलिमीटर पाणी एक एकरावर म्हणजे साधारण ४,०४७ लिटर. कोरड्या उन्हाळ्यात हिरवं गवत दिवसाला सहा मिलिमीटर तरी पितं, म्हणजे एकरी रोज २४,००० लिटर. तुमचा बोअर आठ तासांत देतो १९,२००. तुषारचं पाणी वाऱ्याने आणि उन्हाने वाटेतच उडतं, त्यात चौथा हिस्सा गेला असं धरा. उरलेल्यात उन्हाळाभर हिरवं राहील अर्धा, फार तर पाऊण एकर. १४ एकराला रोज ३ लाख ४० हजार लिटर लागतील. वाटेत उडणारं सोडलं तरी असे अठरा बोअर घ्या, आणि ते एकमेकांचं पाणी पळवणार नाहीत अशी मनोमन प्रार्थना करा.

आता दुसरी बाजू. ४०० मिलिमीटर पाऊस तुमच्या १४ एकरांवर पडतो म्हणजे २ कोटी २६ लाख लिटर. तुमचा बोअर रोज आठ तास, वर्षातले ३६५ दिवस न थकता चालला तर देईल ७० लाख. म्हणजे आभाळ तुम्हाला बोअरच्या तिप्पट देतंय. पापडी धरलेल्या उघड्या माळावरून त्यातलं एक तृतीयांश वाहून जात असेल, तर वर्षभराचा बोअर तुम्ही दर पावसाळ्यात ओढ्याला सोडून देताय.

बरडवाला
😶

आजीचा_चष्मा
ढेकूळकाका, शाळेत गणित शिकवायला तुम्ही असतात तर मी नापास झाले नसते. की झालेच असते?

गवत्या
ढेकूळ यांनी पाण्याचं काढलं, मी तोंडांचं काढतो. अशा पावसात अंजनाचं कुरण उत्तम जमलं तरी हेक्टरी दोन-तीन टन सुकं गवत धरा. १४ एकर म्हणजे पावणेसहा हेक्टर, म्हणजे वर्षाला चौदाएक टन. साडेतीनशे किलोची गाय दिवसाला आठेक किलो सुका चारा खाते, वर्षाला जवळपास तीन टन. सगळं गवत मुळापर्यंत खरवडून दिलं तरी पाच गाई भागत नाहीत. आणि खरवडून चालत नाही, निम्मं तरी रानात सोडावं लागतं. तुमच्याकडे २० आहेत. शिवाय मेंढ्या. विकतचा चारा कमी होईल, बंद होणार नाही.

बरडवाला
हे गणित मला नको होतं हो. घरी अजून सांगितलेलं नाही.

लांबणदिवे
मंडळी इतकी निराश का? जगात वाळवंटात गोल गोल हिरवी शेतं दिसतातच की विमानातून. फ्रँक झायबाक नावाच्या कोलोरॅडोच्या शेतकऱ्याने चाकांवर फिरणारी तुषारची भुजा काढली, १९५२ साली पेटंट घेतलं. त्याच्यावर आख्खा प्रदेश हिरवा झाला. इच्छा असेल तर मार्ग निघतो.

ढेकूळ
निघाला ना. ओगलाला नावाच्या भूजलाच्या साठ्यातून निघाला. तिथल्या दक्षिण भागात पाणी इतकं खाली गेलंय की कित्येक ठिकाणी ती भुजा आता उभी गंजते आणि शेतकरी परत कोरडवाहूवर आलेत. धागाकर्त्यांच्या खाली ओगलाला नाही, कच्चा खडक आहे.

समतल
गेल्या दोन दिवसांत सगळं वाचलं. ढेकूळ यांचा मुद्दा पुढे नेतो, कारण मी हेच केलंय.

बोअर बाजूला ठेवा. आधी उतार बघा. तीन काठ्यांची मराठी चौथी घेऊन... माफ करा, मोबाइल स्वतःच्या मनाने लिहितो. तीन काठ्या घेऊन इंग्रजी "ए" सारखा घोडा बांधा. शेंड्याला दोरी आणि दोरीला दगड. दगडाची दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं पाऊल-पाऊल फिरवत चुन्याने रेघ मारत जा, समतल रेषा मिळते. तिच्यावर चर खणायचा आणि माती खालच्या अंगाला टाकायची. मी वीस-पंचवीस मीटरवर एकेक चर घेतला, उतार जास्त तिथे जवळजवळ.

पहिल्या पावसात काय झालं तर बी टाकलं होतं सगळीकडे, पण गवत आलं फक्त चरांच्या काठाने. डोंगराला हिरव्या बांगड्या भरल्यासारखे पट्टे. मी खट्टू झालो होतो. पण त्या पट्ट्यांतल्या गवताने बी धरलं, ते वाऱ्याने आणि पाण्याने खाली सरकलं, तिसऱ्या वर्षी पट्टे एकमेकांना भिडायला लागले. माझ्या पेरणीतून चौथ्या हिश्शावरच गवत आलं. बाकीची पेरणी गवताने केली.

जिथे जमीन सिमेंटसारखी आहे तिथे चरही नको, खड्डे करा. बुर्किना फासोमध्ये याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने "झाई" नावाची जुनी पद्धत सुधारून उजाड रान उभं केलं. वीतभर रुंदीचे खड्डे, त्यात शेणखत. खताच्या वासाला वाळवी येते आणि ती खाली बिळं करते, त्या बिळांतून पाणी मुरतं. आपण वाळवीला शिव्या घालतो, त्याने तिला कामाला लावलं. त्याला २०१८ साली राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्याची पिकं म्हणजे बाजरी, ज्वारी आणि झाडं, पण खड्ड्यात गवतही तसंच लागतं, मी लावलंय.

वखरपाळी
समतल, क्या बात है. पेरणी पावसाआधी केलीत की नंतर? मी धूळपेरणी केली तेव्हा एक सर आली, बी उगवलं, मग वीस दिवस खडखडीत. सगळं करपलं.

समतल
दोन हप्त्यांत. निम्मं कोरड्यात, निम्मं चांगली ओल झाल्यावर. एका हप्त्याने फसवलं तर दुसरा असतो. तुमचा बोअर खरा तिथे वापरायचा. ती वीस दिवसांची उघडीप पडते तेव्हा एक संरक्षित पाणी, दहा मिलिमीटर. एकराला ४०,००० लिटर, धागाकर्त्यांच्या बोअरची दोन दिवसांहून थोडी जास्त कमाई, गळती धरून तीन. म्हणजे पहिल्या वर्षी जेवढ्या एकरांना उघडिपीत पाणी फिरवून देता येईल तेवढेच पेरा. चार एकर म्हणजे बारा दिवसांचा फेरा. त्याहून जास्त पेरलं तर शेवटच्या कोपऱ्याला पाणी पोचेपर्यंत तिथे रोप नसेल.

क्षारपड
पाणी चाखून बघितलंय का? मी विचारतोय कारण माझा बोअर मचूळ. तुषारने दुपारी दिलं की पानावरचं पाणी उडायचं आणि क्षार मागे राहायचे, टोकं जळायची. रात्री द्यायला लागलो, तेवढ्यावर बरंच भागलं. तरी दर पाण्यागणिक थोडं मीठ मातीत जातंच, ते पावसाने खाली धुतलं गेलं नाही तर वर पांढरी पापडी येते. आधी पाणी तपासून घ्या, मग संचाचं बोला.

सावलीतला
गवताबरोबर काही शेंगवर्गीय टाका राव. स्टायलो टाका, गवताला नत्र मिळेल आणि चाऱ्यात प्रथिनं वाढतील. नाहीतर बांधाने सुबाभूळ.

आजीचा_चष्मा
सुबाभूळ खाऊन जनावरांचे केस गळतात ना?

सावलीतला
जास्त झाली तर. मिमोसीन नावाचं द्रव्य असतं. घोड्यांची तर आयाळ-शेपटी झडते. पण गंमत ऐका (अवांतर आहे, पण राहवत नाही). ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन गुरं आजारी पडायची आणि हवाईतल्या शेळ्या तीच खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ओळखलं की हवाईच्या शेळ्यांच्या पोटात ते विष पचवणारा जिवाणू आहे. मग तिथल्या शेळीच्या पोटातलं पाणी आणून ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिलं आणि तीही पचवायला लागली. त्या जिवाणूला पुढे जोन्सचंच नाव दिलं.

खिल्लारी_जोडी
माझ्या डोक्यावरचं पीक सुबाभूळ न खाताच गेलंय. त्यावर जिवाणू आहे का?

रानफेरी
चराईवर कुणी बोललंच नाही. झिंबाब्वेचे अ‍ॅलन सेव्हरी म्हणतात की माळ उजाड होतो तो जनावरांमुळे नाही, एकाच जागी रेंगाळण्यामुळे. मोठा कळप थोडा वेळ चारा, खुरांनी माती फुटू द्या, शेण पडू द्या आणि लगेच पुढे हलवा. वाळवंट हिरवं होतं.

गवत्या
त्यांचे दावे अनेक शास्त्रज्ञांना मान्य नाहीत, मोजमापात तसा फरक दिसत नाही असं ते म्हणतात. पण "चारलं की विश्रांती द्या" एवढ्यापुरतं कुणाचं भांडण नाही. आणि धागाकर्त्यांच्या माळावर अजून गवतच नाही, तर फिरवणार काय?

रानफेरी
मान्य. मी जरा पुढे पळालो.

गवत्या
पहिल्या चराईचं सांगतो, कारण मूळ प्रश्नात ते होतं. दिवस मोजू नका. मूठभर गवत धरून गाय ओढते तसा हिसका द्या. मुळासकट हातात आलं तर गाय आत नको, पानं तुटून आली तर विचार करा. तरीही पहिल्या वर्षी बी पडू द्यावं आणि मग सुकलेलं कापून न्यावं, जनावर आत सोडूच नये. पुढच्या वर्षापासून चारताना चार-सहा बोटं बुडखा सोडायचा. मेंढ्यांवर जास्त लक्ष ठेवा, त्या पार मातीला टेकून खातात.

बरडवाला
मंडळी, चार दिवस गप्प होतो कारण रागावलो होतो. कुणावर ते माहीत नाही, बहुधा स्वतःवर. घरी सांगितलं. "मी हेच म्हणत होते" असं उत्तर आलं, मला तसं काही आठवत नाही.

आता असं ठरवतोय. नांगरट रद्द. चढाकडचे चार एकर घेतो, चर काढून अंजन, समतल म्हणतात तसं दोन हप्त्यांत. बाकीचे साडेनऊ एकर कोरडवाहूंच्या सांगण्याप्रमाणे बंद ठेवून बघतो काय येतं. बोअरजवळ अर्ध्या एकरात मारवेल, तेवढ्यालाच नेहमीचं पाणी. पाणी तपासायला दिलंय. गाईंचं काय करायचं ते अजून ठरत नाही, त्याबद्दल कुणी विचारू नका.

पण एक राहिलं. एवढे प्रतिसाद आले, माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. नोझल किती?

ढेकूळ
एक.

बरडवाला
चेष्टा करताय का?

ढेकूळ
नाही. बारा मीटर अंतराने लावायचं साधं नोझल ताशी दीड-दोन हजार लिटर मागतं, तेही पुरेसा दाब असेल तर. तुमचा बोअर देतो २,४००. दुसरं जोडलं की दोन्ही नुसती थुंकतील, फिरणार नाहीत. तेव्हा एक नोझल, आणि ते उचलून ठेवायला अर्ध्या एकरात १४ जागा. जागेला तासभर ठेवलं की दहा-अकरा मिलिमीटर पडतं. पाणी खाली वाहायला लागलं तर लगेच थांबवा, मुरू द्या, मग परत.

समतल
टाकी बांधलीत तर तीन चालतील. रात्री भरायची, पहाटे वारा पडलेला असताना सोडायचं.

वखरपाळी
आणि एक जास्तीची मोटर घेऊन ठेवा. अनुभवाचे बोल.

खिल्लारी_जोडी
कुंपण झालं का?

बरडवाला
अजून नाही. काल संध्याकाळी दोन शेळ्या चराची रेघ चाटून गेल्या, चुना होता.